मुक्ताईच्या हातातली पुडी

वासंती आगाशेंनी ती पुडी पाहिली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण नजरच तशी, त्याला त्या तरी काय करणार? कर्वेनगरातल्या मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं आणि त्याहून जास्त वेळ परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारल्या. पाठमोऱ्या मुलीच्या खांद्यावरून त्यांना कळायचं, हिच्या ओढणीत चिठ्ठी आहे. शाळा सुटली, खोड काही सुटली नाही.

बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग स्पर्धा भरली तेव्हा आयोजकांना स्वयंसेवक हवे होते. सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या कुणाच्या तरी ओळखीने वासंतीबाईंचं नाव गेलं आणि त्यांना काम मिळालं ते उत्तेजक चाचणीच्या पथकात. ज्या खेळाडूची चाचणी व्हायची तिला स्पर्धा संपताक्षणी गाठायचं, कागदावर सही घ्यायची आणि तिने लघवीचा नमुना देईपर्यंत तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. घरी हे सांगितल्यावर श्यामसुंदररावांनी पेपर खाली घेतला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"म्हणजे तू आता लोकांच्या लघवीवर पहारा देणार."

"हो. बिनपगारी."

"मग ठीक आहे. पगार दिला असता तर शंका आली असती." आणि पेपर पुन्हा वर गेला.

शेवटच्या दिवशी दुपारी बायकांचा सर्वांत वरचा वजनगट होता. या गटाला वरची मर्यादाच नसते, कुणी कितीही वजनाची असो, चालते. वासंतीबाईंची नेमणूक वॉर्म-अप हॉलच्या दाराशी होती. आत परदेशी मुली येरझाऱ्या घालत होत्या, कुणी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून बसली होती, मधूनच लोखंड दणकन लाकडी फळ्यांवर आदळायचं आणि वासंतीबाईंच्या छातीत धस्स व्हायचं. त्या गर्दीत एकच मराठी मुलगी होती, मांजरीची मुक्ताई कामठे. उंचीने बेताची, पण दंड असे की तिच्या जर्सीच्या बाह्या आपण होऊनच वर चढलेल्या. तिचे दोन प्रयत्न झाले होते आणि ती चौथी होती. शेवटचा प्रयत्न बाकी होता. प्रशिक्षक पडद्यावरचे आकडे पाहायला वळले, तेवढ्यात मुक्ताईने बॅगेच्या कप्प्यातून एक कागदाची पुडी काढली, भिंतीकडे वळून उलगडली, चिमटीने काहीतरी जिभेवर ठेवलं आणि कागद चुरगळून कोपऱ्यातल्या डब्यात टाकला. सगळं निमिषात झालं. मग तिने खडूच्या भुकटीत हात घोळवले आणि ती बाहेर गेली.

वासंतीबाईंना ओळखीची ती जुनी कळ आली. कुणाच्या तरी ओढणीत चिठ्ठी दिसल्यावर यायची, तीच.

पडद्याआडून त्यांनी तो प्रयत्न पाहिला. मुक्ताईने एकशे सदतीस किलोचा बार छातीवर घेतला, बसली, आणि एक क्षण असं वाटलं की आता ही काही उठत नाही. चेहरा लालबुंद झाला, मान फुगली. मग ती उठली. कशी उठली ते तिलाच ठाऊक. एक श्वास घेतला, झटक्यात बार डोक्यावर गेला, पाय थरथरत एका रेषेत आले आणि पंचांचे तीनही पांढरे दिवे लागले. कांस्यपदक! प्रेक्षागृहात मांजरीची माणसं बाकांवर चढून ओरडत होती. मुक्ताई बार सोडून सरळ मंचावर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.

वासंतीबाई कागद घेऊन पुढे झाल्या. "मुक्ताई कामठे? तुझी चाचणी आहे. इथे सही कर. आता मी तुझ्याबरोबरच असेन."

"असा की काकू! आज कुणीबी बरोबर असू दे!" असं म्हणत ती खाली वाकली आणि कुणाला कळायच्या आत वासंतीबाईंच्या पाया पडली. खडूचे पांढरे ठसे त्यांच्या चपलांवर उमटले.

पदक समारंभ झाला, फोटो झाले. वासंतीबाई दोन पावलं मागे उभ्या होत्या. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, वेगळं काही दिसलं तर अधिकाऱ्यांना कळवायचं. सांगून टाकावं की काय? पण काय सांगायचं? ग्लुकोज असेल, खडीसाखर असेल. मग तोंड भिंतीकडे कशाला केलं? त्या मुलीच्या गळ्यातलं पदक पाहत होत्या आणि मनात डब्यातला तो चुरगळलेला कागद पाहत होत्या. मुक्ताई मधूनच वळून हसायची. त्या हसून परतवायच्या आणि आपल्याच हसण्याची त्यांना चीड यायची.

चाचणी केंद्र म्हणजे प्रेक्षागृहाखालच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत डॉ. नम्रता सबनीस, पथकाच्या अधिकारी, मोजकं बोलणाऱ्या. बाहेरच्या खोलीत खुर्च्या आणि सीलबंद पाण्याच्या बाटल्या. मुक्ताईने एक बाटली संपवली, दुसरी उघडली. मग डॉक्टरांबरोबर आत गेली आणि बऱ्याच वेळाने हात हलवत परत आली.

"न्हाई होत, काकू. त्या समोर उभं राहून बघतात. नियम हाय म्हणे. असं कसं होईल कुणाला?"

"होईल. पाणी पी."

ती बसली, उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. बाहेर तिची माणसं थांबली होती. ट्रॅक्टरची ट्रॉली सजवून आणली होती आणि इतक्या खालपर्यंत हलगीचा आवाज येत होता. "आई पण आलीये. ती आजवर एकदापण आली नव्हती स्पर्धेला. म्हणायची, मी बघितलं की तुला दृष्ट लागंल." आणि मग सहज विचारलं, "तुम्हाला मुलगी हाय का?"

"मुलगा आहे. बेंगळुरूला. मुक्ताई, तुला एक विचारू?"

विचारलं नसतं तर बरं, असं त्यांना शब्द तोंडातून निघतानाच वाटलं. पण निघाला तो निघाला.

"शेवटच्या प्रयत्नाच्या आधी तू काय खाल्लंस? पुडीतलं?"

 मुक्ताई मोठ्याने हसली. "ते होय! अंगारा हो. आमच्या भैरोबाचा. आईनं दादाकडं दिलेला. कपाळाला लावला तर घामानं डोळ्यात उतरतो, म्हणून जिभेवर ठेवला. सर बघतील तर चिडवतात, म्हणून तिकडं तोंड केलं."

 अंगारा! जन्मात कधी अंगारा न लावणाऱ्या वासंतीबाईंना त्या क्षणी भैरोबाबद्दल खरोखर कृतज्ञता वाटली. त्या काही म्हणणार, तेवढ्यात त्यांना दिसलं की मुक्ताईचं हसू ओसरलं आहे. ती जिभेने दातांवरून काहीतरी चाचपल्यासारखं करत होती.

"काय झालं?"

"काही न्हाई." ती उठली. भिंतीपर्यंत गेली, परत आली. "गोड लागला होता."

"काय?"

"अंगारा. गोड लागला. तेव्हा ध्यानात न्हाई आलं, डोक्यात नुसते ते एकशे सदतीस. पण अंगारा गोड नसतो ना, काकू."

मग तिने हळू आवाजात बाकीचं सांगितलं. तिचा दादा ज्ञानदेव हडपसरला एका जिममध्ये कामाला होता. तिथे सगळं मिळायचं, डबे, गोळ्या, इंजेक्शनं. मागच्या वर्षी तो तिला म्हणाला होता, सगळेच घेतात, थोडी मदत घेतली तर काय बिघडतं? ती त्याच्याशी दोन महिने बोलली नव्हती. मग त्याने माफी मागितली. पुन्हा विषय काढला नव्हता. आणि आज सकाळी त्यानेच ती पुडी आणून हातात दिली होती.

"तो असं करणार न्हाई," मुक्ताई म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "न्हाई करणार."

 "मुक्ताई, आत जाऊन डॉक्टरांना हे सांग. नमुना द्यायच्या आधी. फॉर्मवर नोंद करता येते, काय काय पोटात गेलं त्याची."

"आणि त्यांनी लिहिलं आणि काही निघालं तर? पदक जाईल. दोन-चार वर्षं बंदी येईल. दादाचं काय होईल?" ती वासंतीबाईंसमोर येऊन उभी राहिली. एवढी मोठी मुलगी, पण आवाज अगदी लहान झाला होता. "तुम्हीच बघितलंय फक्त. दुसऱ्या कुणी न्हाई. तुम्ही गप्प बसलात तर?"

"मला नाही बसता येणार."

"का?"

याचं उत्तर वासंतीबाईंकडे तयार होतं, शाळेत शेकडो वेळा दिलेलं. पण ते त्यांना त्या मुलीसमोर उच्चारवेना. "नाही येणार," एवढंच त्या पुन्हा म्हणाल्या. "तू सांगितलंस तर बरं. नाहीतर मला सांगावं लागेल."

"मग मघापासून माझ्याशी हसत कशाला होतात?" मुक्ताई उसळली. "मी तुमच्या पाया पडले! तुम्ही तेव्हाच ठरवलं होतं ना, की ही चोर हाय?"

आतून डॉ. सबनीस दारात आल्या. मुक्ताईने त्यांच्याकडे पाहिलं, मग वासंतीबाईंकडे, आणि कोरड्या आवाजात घडाघडा सगळं सांगून टाकलं. पुडी, अंगारा, गोड चव. ज्ञानदेवचं नाव मात्र घेतलं नाही, "घरून आली" एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी एका माणसाला वॉर्म-अप हॉलमध्ये पिटाळलं. तो परत आला. डबे मघाशीच रिकामे झाले होते, कचऱ्याची गाडीही गेली होती.

"ठीक आहे. लिहून घेते," डॉक्टर म्हणाल्या. "हे बघ, अंगात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूची. कुणी दिलं, का दिलं, ते नंतर. प्रयोगशाळा सांगेल ते खरं. पाणी फार पिऊ नकोस, नमुना पातळ झाला तर पुन्हा थांबावं लागेल."

यानंतर तर काहीच होईना. मुक्ताई एकदा आत जाऊन आली, नुसतीच. ती खोलीच्या लांबीभर चालत राहिली, जमिनीकडे पाहत. वासंतीबाईंची खुर्ची आली की वळायची. वासंतीबाईंना तिच्यावरून नजर काढायची परवानगी नव्हती. त्या पाहत होत्या. तो पहारा त्यांना इतका जड कधीच वाटला नव्हता.

शेवटी मुक्ताई थांबली. "मला आईला भेटायचंय. इथंच, दारात. तुम्ही ऐका वाटल्यास."

डॉक्टरांनी परवानगी दिली. कुसुमबाई आल्या. हिरवी नऊवारी, केसांत गुलालाचे कण, लेकीला पाहून डोळे भरलेले. त्यांनी मुक्ताईच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

"आई, अंगाऱ्यात काय होतं?"

"आँ? काय म्हंजे? अंगारा."

"गोड का लागला?"

कुसुमबाई ओशाळल्या. पदर तोंडाला लावत म्हणाल्या, "अगं, पिठीसाखर घातली व्हती जराशी. ल्हानपणी नुसता दिला की थू थू करायचीस. सारा देव अंगावर थुकायचीस. तवापासनं साखरच घालत्ये की मी. तुला ठावंच न्हाई व्हय?"

मुक्ताई जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. तिचे खांदे हलायला लागले, ती हसतेय की रडतेय ते कळेना. कुसुमबाई घाबरल्या. "काय झालं? द्येवाचं काय चुकलं का माझ्याकडनं?" त्यांना कुणीच काही सांगितलं नाही. मुक्ताईने आईच्या पोटात डोकं खुपसलं, मग उठली, डोळे पुसले आणि वासंतीबाईंकडे वळली.

"झालं समाधान?"

वासंतीबाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की कसली, त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. कारण कुसुमबाईंच्या ओशाळलेल्या चेहऱ्याकडे पाहताना त्यांच्या मनात एक विचार येऊन गेला होता, की मुलाला वाचवायला आई एवढं सहज खोटं बोलू शकते. तो विचार त्यांनी मागे ढकलला. तो पुन्हा आला.

थोड्या वेळाने नमुना झाला. बाटल्यांना सील लागलं, सह्या झाल्या. मुक्ताईने पदक जर्सीच्या आत घातलं आणि मागे न पाहता गेली. बाहेर हलगीने जोर धरला.

पुढचे दिवस वासंतीबाईंचं कशातच लक्ष लागेना. सकाळी पेपर आला की श्यामसुंदररावांच्या आधी त्या झडप घालून खेळाचं पान उघडायच्या. दूध उतू जायचं, गॅस तसाच राहायचा. डॉ. सबनीसांना एकदा फोन केला. त्या म्हणाल्या, "आगाशेबाई, निकाल मलाही कळवत नाहीत. काही निघालं तर पेपरात येईलच. नाही आलं तर तेच उत्तर." पण न आलेल्या बातमीची वाट कुठवर पाहायची? रोज रात्री वाटायचं, उद्या येईल. मुलीला विचारून आपण बरं केलं की वाईट? न विचारता डॉक्टरांना सांगितलं असतं तर? मुळात काहीच सांगितलं नसतं तर? खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून परत, त्यांची पावलं थांबत नव्हती.

"तुझं उतारवयातलं क्रीडाप्रेम पाहून ऊर भरून येतो," श्यामसुंदरराव म्हणाले. मग आवाज उतरवून, "काय झालंय ते सांगणार आहेस का?"

त्यांनी सांगितलं. श्यामसुंदररावांनी पेपराची घडी घातली. "तू चुकलीस असं मला वाटत नाही," ते शेवटी म्हणाले, "पण ते माझ्याकडून ऐकून तुला काय उपयोग?"

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी पानाच्या तळाशी चार ओळींची बातमी आली. पुढच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी भारतीय संघ जाहीर. बायकांच्या वरच्या गटात मुक्ताई कामठे. वासंतीबाईंनी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. काही निघालं असतं तर नाव आलं नसतं.

"आता बसशील एका जागी?" श्यामसुंदररावांनी विचारलं.

पण त्यांना बसवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोन बस बदलून मांजरीला गेल्या. नव्या इमारतींच्या मागे अजून ऊस उभा होता, रस्त्यावर पाचट पडलं होतं. घर विचारत गेल्या तर घराआधी पत्र्याची शेड लागली आणि आतून तो ओळखीचा दणका ऐकू आला.

मुक्ताई एकटीच होती. तिने वासंतीबाईंना पाहिलं, हातातला बार जमिनीवर ठेवला. हसली नाही.

"नाव वाचलं पेपरात," वासंतीबाई म्हणाल्या. "अभिनंदन करायला आले."

"बसा." तिने एक प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. स्वतः फळीवर बसली, मनगटाची पट्टी सोडली, पुन्हा गुंडाळली. "तुमचं चुकलं असं न्हाई. दिल्लीच्या कॅम्पात सगळ्यांनी तेच सांगितलं, बाईंनी बरोबर केलं. पण मला राग हाय तुमचा."

"असू दे."

"एक खरं सांगाल? त्या दिवशी आई बोलली, ते तुम्हाला पटलं होतं?"

वासंतीबाईंनी खोटं बोलायचं ठरवलं असतं तर ते सोपं होतं. "नाही," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाही पटलं."

मुक्ताईने मान खाली घातली. 

"मला पण न्हाई," ती म्हणाली. "म्हणून राग हाय. पदक घेऊन आले त्या दिवशी गावजेवण झालं, मी जेवले न्हाई. पोट बिघडलंय म्हणाले. आईनं ताट वाढलं की मी बघायची, ह्यात काय असंल? दादाला वाचवायला ही खोटं बोलली असंल का? माझं मीच उकडलेली अंडी, भात करून खायची. आई बघत होती. तिला कळत होतं सगळं. एका शब्दानं विचारलं न्हाई तिनं. दादा तर समोरच यायचा बंद झाला." ती थांबली. "तुम्ही विचारलं नसतं तर माझ्या डोक्यात हे आलंच नसतं, काकू. गोड लागला तर लागला. मी विसरून गेले असते."

वासंतीबाई खुर्चीच्या कडेवर सरकल्या. क्षमा मागावी तर कशाची? आणि न मागावी तर इथे यायचंच कशाला?

"आणि आता?" त्यांनी विचारलं.

"आता काय. निकाल लागला, आई खरी निघाली. पण मला तिच्याकडं बघवत न्हाई. तिला सांगू कसं, की मी तुझ्यावर संशय घेत होते?"

"तिला माहीत आहे, तूच म्हणालीस."

"माहीत असणं वेगळं."

"हो," वासंतीबाई म्हणाल्या. "वेगळं. सांगायलाच लागेल तुला." आणि थोडं थांबून, "मी काही तुझ्या वतीने सांगू शकणार नाही. पण तू सांगत असशील तर मी बसते इथे."

मुक्ताई उठली, खडूच्या डब्यात हात घातले, बारपाशी गेली, उचलला नाही. तशीच परत फिरली. शेडच्या दारातून एकदा घराकडे पाहिलं. कुसुमबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या, आणि पाहुणी आल्याचं दिसलेलं असूनही त्या इकडे आल्या नव्हत्या. येऊ की नको, असं त्यांचं चाललं असावं. आजकाल त्या शेडमध्ये पाऊलही टाकत नसाव्यात.

"आई," मुक्ताईने हाक मारली. आवाज नीट निघाला नाही. तिने घसा साफ केला. "आई, हिकडं ये जरा. बोलायचंय."

कुसुमबाई उठल्या. पदराला हात पुसत, अनवाणी, उन्हातून चालत येऊ लागल्या. वासंतीबाई खुर्चीवरून उठून बाजूला झाल्या, आणि मुक्ताईने मागे न वळताच म्हटलं, "बसा काकू. बसा म्हणलं ना."

त्या बसल्या.